भिंत पडली का गणित पडलं

कवठाळे मॅडम कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी भिंतीला हात लावायच्या. बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायच्या, आत कुणी आहे का विचारल्यासारखं. मग खोलीभर नजर टाकून दाराजवळची खुर्ची धरायच्या. बैठक असो, लग्नाचा हॉल असो, कुणाला भेटायला दवाखान्यात गेलेलं असो, त्यांची जागा ठरलेली. दाराजवळची खुर्ची कुणी आधीच घेतलेली असली तर त्या सरळ उभ्या राहायच्या, पण भिंतीला टेकायच्या नाहीत.

मला या बाईचा पहिल्याच दिवशी राग आला होता, हे आधीच सांगून टाकतो. नांदेडच्या त्या कॉलेजात मी नुकता रुजू झालो होतो. आम्ही दोघंही स्थापत्य विभागात. दुपारी डबा खाल्ला, स्टाफरूममधली खुर्ची मागं रेलली आणि डोकं भिंतीला लावून डोळे मिटले. मी लातूरजवळच्या मुरुडचा माणूस. जेवल्यावर भिंतीला टेकून घटकाभर पडणं हा आमच्याकडं हक्क समजतात. तेवढ्यात खांद्यावर टकटक झाली. डोळे उघडले तर समोर एक उंच, हाडकुळी बाई, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, आणि तोंडावर असा भाव की मीच काहीतरी गुन्हा केलाय.

“उठा. भिंतीला डोकं लावून झोपत जाऊ नका.”

“का बरं?”

“तिला झेपतंय का, विचारलंय का तुम्ही?”

माझं उत्तर यायच्या आत बाईंनी माझं टेबल दोन्ही हातांनी ओढून हातभर पुढं आणलं. कपातला चहा माझ्या नव्या पँटवर सांडला. मनात म्हटलं, झालं, वेड्यांच्या बाजारात येऊन पडलो आपण. मग त्यांनी गाव विचारलं. मुरुड म्हटल्यावर माझं खरं नाव त्यांनी तिथंच टाकून दिलं. त्या दिवसापासून मी ‘मुरुडकर’.

माझं काम सोपं होतं. काँक्रीटचे ठोकळे यंत्रात घालायचे, फुटेपर्यंत दाबायचे आणि आकडा लिहून मोकळं व्हायचं. मॅडमचं काम न फोडता सांगायचं. धरण असो, पूल असो, मोडलेल्या हाडात बसवायची पट्टी असो, कॉम्प्युटरवर त्याचे बारीक बारीक तुकडे पाडायचे आणि ओझं आल्यावर कुठला तुकडा किती दबेल, किती ताणला जाईल, कुठून फाटेल, ते आधीच काढायचं. या विद्येला फायनाइट एलिमेंट म्हणतात, आणि पोरं तिला जाम टरकून असायची. मॅडम फळ्यावर एक भिंत काढायच्या, तिच्यावर जाळी ओढायच्या आणि सुरुवात शुद्ध भाषेत करायच्या. पण एकदा रंगात आल्या की निलंग्याकडची बोली वर यायची.

“अख्खी भिंत एकदम कुणालाच कळत नसते. म्हणून तिचे तुकडे करायचे. एकेका तुकड्याजवळ जाऊन बसायचं. बाबा, तुझ्यावर किती ओझं आलं? तू किती दबलास? शेजारच्याला किती ढकललंस? शेजारच्यालाबी तेच विचारायचं. दोघांचं बोलणं जुळलं पाहिजे. न्हाई जुळलं, म्हंजे कुणीतरी खोटं बोलून राहिलंय. मग परत विचारायचं. सगळ्या भिंतीचं बोलणं जुळेपर्यंत विचारत राहायचं.”

एखादं पोरगं उत्तर जुळलं म्हणून खूश होऊन उड्या मारायला लागलं की लगेच त्याला खाली आणायच्या. “जुळलं म्हंजे खरं झालं का? चार लबाड माणसांचंबी बोलणं जुळतं.”

लोखंड त्यांना फारसं आवडत नसे. “लोखंड सरळ माणूस हाय,” म्हणायच्या. “बेतानं ओझं ठेवलं तर वाकतं, काढलं की परत उभं. त्यात काय शिकायचंय? मातीला विचारा. मातीला सगळं आठवतं. आधी किती ओझं येऊन गेलं, पाऊस कधी लागला, कोण तिच्यावरनं चाललं. ओझं काढून घेतलं तरी ती दबलेलीच राहती. आज तुम्ही बोट ठेवाल, तर ती उत्तर देईल कालच्या हिशोबानं.” किनवटकडची एक मुलगी एकदा वर्गात म्हणाली की आमचं घर कुडाचं आहे, वाऱ्यावादळात नुसतं हलतं, पण पडत नाही. “कुडाला वाकायची लाज नसती,” मॅडम म्हणाल्या. “दगडाला असती.” आणि तास संपायच्या आधीच खडू ठेवून निघून गेल्या.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात त्यांचा एक जुना कॉम्प्युटर होता. त्याच्यावर कायम एकच चित्र असायचं. एक चौकोनी घर, जाड भिंती, वर सपाट छत, सगळ्यावर बारीक जाळी. मॅडम त्या घराला कॉम्प्युटरमध्ये हलवायच्या, भूकंपात जमीन हलते तसं. भिंत पोटात फुगत जायची, निळ्याची पिवळी, पिवळ्याची लाल व्हायची, आणि एका जागी येऊन गणित थांबायचं. पडद्यावर ओळ यायची की उत्तर जुळत नाही. मॅडम खुर्चीवरून हलायच्या नाहीत. स्वतःशीच पुटपुटायच्या, “भिंत पडली का गणित पडलं?”

पोरांनी या वाक्याची नक्कल करून करून चोथा केला होता. कुणी परीक्षेत नापास झालं तरी तेच, कुणाचं लग्न मोडलं तरी तेच. पण त्या वाक्यात खरंच मेख होती. भिंत कोसळायच्या टोकाला आली की तुकड्यांचं बोलणं जुळणं बंद होतं. आता ती खरोखर कोसळली म्हणून जुळलं नाही, की तुमची मांडणीच कच्ची होती म्हणून जुळलं नाही, हे कॉम्प्युटर सांगत नाही. दोन्ही वेळेला तो तीच ओळ दाखवतो. त्याला काय फरक पडतो?

एकदा मी चेष्टेत विचारलं, “मॅडम, एवढा कुठला राजवाडा वाचवायचं चाललंय?”

“आमचं घर हाय,” त्या म्हणाल्या. “वाचवायचं न्हाई. ते तर गेलं.”

मग त्यांनी सांगितलं. सलग नाही, अधूनमधून ठोकळ्यांच्या यंत्राकडं बघत. त्यांचं गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेल्या गावांपैकी. घर माळवदाचं. दोन-अडीच हात रुंद भिंती, बाहेरून दगड, आतून दगड, मधे खापऱ्या-गोट्यांची भर, आणि सगळं धरून ठेवायला नुसती माती. वर लाकडी तुळया, त्यांच्यावर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. उन्हाळ्यात असं घर गार राहतं, पण पावसाळ्यात गळतं. म्हणून दर साली मृग लागायच्या आधी माळवदावर नवी पांढरी माती टाकायची, पाणी मारून तुडवायची. जुनी माती कुणी काढत नसे. आजोबाची माती, बापाची माती, सगळी तिथंच.

“त्या साली अप्पा नको म्हणत होते,” मॅडम म्हणाल्या. “लई माती झाली, तुळया करकरतायत, औंदा राहू द्या. पण गळायचं ते नेमकं माझ्या अंथरुणावर. दहा वर्साची होते मी. रडून घर डोक्यावर घेतलं. बसूला कोरडी जागा आन् मला ओली का म्हणून. बसू माझा भाऊ, धाकटा. शेवटी अप्पांनी गाडीभर माती आणली. मीच तुडवली, नाचून नाचून.”

भूकंप झाला त्या पहाटे अप्पा शेतात राखणीला होते. नंदा, म्हणजे आमच्या मॅडम, गणपती बघायला निलंग्याला मावशीकडं गेल्या होत्या. घरात त्यांची आई, अव्वा, होती आणि बसू होता. बसू त्या रात्री बहिणीच्या कोरड्या झालेल्या जागेवर निजला होता.

“तर प्रश्न एवढाच हाय, मुरुडकर. त्या सालची माती टाकली नसती, तर भिंत राहिली असती का?”

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. म्हटलं, मॅडम, अख्खं गाव गेलं, तिथं तुमच्या एका थराचं काय घेऊन बसलात. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. “अख्खं न्हाई गेलं,” त्या म्हणाल्या. “आमच्या भिंतीला भिंत लावून कासलेंचं घर होतं. त्यांनी त्या साली माती टाकली नव्हती. ते उभं होतं.”

मी यंत्राकडं गेलो आणि एक ठोकळा फोडला.

त्यानंतर मी या कामात ओढला गेलो. ओढला गेलो म्हणजे काय, कुणी जबरदस्ती केली नाही. मॅडम जुन्या गावाच्या ढिगाऱ्यातून दगडांमधली माती पोत्यात भरून आणायच्या आणि मी ती माझ्या प्रयोगशाळेत दाबून, ओढून, भिजवून बघायचो. त्या मातीनं मला रडकुंडीला आणलं. कोरडी असली तर दगड घट्ट धरून ठेवायची. जरा ओल लागली की जोर निम्म्यावर यायचा. आणखी जरा, की हातात लगदा. एका पोत्यातल्या दोन मुठी एकसारख्या वागायच्या नाहीत. आणि त्या पहाटे भिंतीत किती ओल होती, हे सांगणारं जिवंत कोण होतं? तो एक आकडा इकडचा तिकडं सरकवला की कॉम्प्युटरमधलं घर कधी मातीच्या थरासकट उभं राहायचं, कधी थराशिवायही कोसळायचं. मॅडमचं वजन उतरत चाललं होतं. डबा तसाच घरी न्यायच्या. मी ओरडलो की म्हणायच्या, “खामखा चिडू नका. खाते.” आणि खायच्या नाहीत.

त्यांना या गणिताची एवढी घाई का सुटली होती, ते मला त्यांच्या गावी गेल्यावर कळलं. “अप्पांकडं जायचंय, येता का?” म्हणाल्या. लातूरला बस बदलून आम्ही त्यांच्या नव्या गावी गेलो. अप्पांना पुनर्वसनातलं पक्कं घर मिळालं होतं, पण त्या घरात ते एक दिवस झोपले नव्हते. अंगणात पत्र्याचं शेड टाकून तिथंच संसार. पत्रा अंगावर पडला तर माणूस मरत नाही, हे त्यांचं म्हणणं. आता छातीत पाणी झालं होतं, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. खाटेवर उशाला उशी लावून बसवलेले, श्वास घेताना खांदे वर उचलायचे. लेकीला बघितल्यावर त्यांनी तब्येतीचं, प्रवासाचं, कशाचं काही विचारलं नाही.

“नंदे, झालं का गं गणित?”

मॅडमनी मला बसमध्येच सांगितलं होतं की त्या इंजिनीअर झाल्यापासून अप्पा दर भेटीत हेच विचारतात. अप्पांचं म्हणणं, माती मी टाकली, ती मीच अव्वाच्या आणि बसूच्या अंगावर घातली का, तेवढं एकदा सांग आणि मला मोकळं कर. दर भेटीत त्या म्हणायच्या, चालू हाय अप्पा. त्या दिवशी मात्र मी दाराशी उभा असताना मॅडमचा हात कानाच्या पाळीकडं गेला. पाळी चिमटीत धरून त्या म्हणाल्या, “झालं, अप्पा.”

“मग?”

“पडलीच असती. माती टाकली नसती तरी पडली असती.”

त्या सकाळीच निघताना मी पडद्यावर ती ओळ बघितली होती. उत्तर जुळत नाही. मी मान खाली घातली.

अप्पांनी वर पत्र्याकडं बघितलं. “नीट बघितलं का?”

“बघितलं.”

त्यांनी हात उचलला. तो मॅडमच्या डोक्यावर ठेवायला त्यांना वेळ लागला. “मग तुझ्यावरबी काय न्हाई, बाळा,” ते म्हणाले. “तू रडलीस म्हणून मी माती टाकली, हे तुझ्या डोक्यात बसलंय. मला पहिल्यापासून ठाऊक हाय. काढून टाक आता.”

मॅडमनी हे त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. त्या बापाचं ओझं उतरवायला आल्या होत्या आणि बाप इतकी वर्षं त्यांचंच उतरवायला विचारत बसला होता. त्या खाटेच्या कडेवर डोकं ठेवून रडल्या. मी अंगणात येऊन उभा राहिलो. मला बाईमाणसाचं रडणं सोसत नाही, आणि त्या दिवशी तर माझंच मला सोसेना.

त्याच आठवड्यात अप्पा गेले. पण पुढचं ऐका. मला वाटलं होतं, बाई आता सुटल्या. कुठलं काय. परत आल्यावर त्यांनी कॉम्प्युटर लावला तो बंदच करेनात.

“मॅडम, पुरे आता. अप्पा समाधानानं गेले.”

“मी त्यांना खोटं सांगितलं, मुरुडकर. आन् त्या खोट्यावर त्यांनी मला माफ केलं. आता ते खरं करून दाखवावं लागंल.”

एखाद्या माणसाच्या मागं पोलीस लागतात, कुणाच्या मागं सावकार. या बाईच्या मागं तिनंच बोललेलं एक वाक्य लागलं होतं. वर्गात त्या आता पोरांवर ओरडायला लागल्या. पूर्वी त्या कधी ओरडत नसत. तुकड्यांजवळ जाऊन बसणं वगैरे सगळं बंद झालं. फळ्यावर नुसती समीकरणं. एकदा तर खडू मोडला म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग एका दुपारी त्या धावत माझ्याकडं आल्या. इतक्या दिवसांनी चेहऱ्यावर रंग होता. “आपण मूर्ख हाव,” म्हणाल्या. “माती म्हंजे नुसतं ओझं धरलं आपण. ती पाणी अडवत होती की. माती टाकली नसती तर माळवद गळलं असतं. पाणी भिंतीत उतरलं असतं. भिंत ओली झाली असती. ओली भिंत तर आधी पडली असती.” मलाही ते पटलं. खरं सांगतो, मी टाळीच वाजवली. बरोबरच होतं ते, आमच्या दोघांच्या डोक्यात इतके दिवस का आलं नाही याचं नवल. मॅडमनी नव्यानं सगळं मांडलं. वरून ओल झिरपवली, थर काढून टाकला, घर हलवलं. भिंत फुगली, लाल झाली आणि गेली. माती नसताना गेली.

“झालं की मॅडम,” मी म्हटलं. “जुळलं तुमच्या मनासारखं.”

त्यांनी पडद्यावरचा एक आकडा मला बोटानं दाखवला. “किती ओली धरली मी भिंत, बघितलं का? मला पडायला पाहिजे होती, तेवढी ओली धरली. जरा कमी धरली तर उभी राहती.” बोट तसंच पडद्यावर ठेवून त्या म्हणाल्या, “मातीला दम देऊन जबानी घेऊन राहिले मी. ठाण्यात घेत्यात तसली.” आणि ते सगळं उत्तर त्यांनी माझ्यासमोर पुसून टाकलं. मला इतका संताप आला की मी दार आपटून बाहेर गेलो. विष्णुपुरीला माझ्या खोलीवर जाईपर्यंत मी त्या बाईला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. एवढं काय अडलं होतं? कोण येणार होतं तपासायला? सगळी दुनिया खपवते, हिला एक आकडा खपवता येईना.

पुढं त्यांच्या पोटात गाठ निघाली. वजन उतरलं ते भिंतीपायी नव्हतं, निदान नुसतं भिंतीपायी नव्हतं. दाखवायला उशीर झाला होता. मावसबहीण त्यांना लातूरच्या दवाखान्यात घेऊन गेली. जायच्या आधी त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. “शेवटचं एकदा चालवा. ओल किती धरायची ते तुम्ही ठरवा. माझ्यावर माझा भरवसा न्हाई उरला. तुम्हाला मातीकडं बघून जे वाटंल ते धरा. आन् काय निघंल ते येऊन सांगा.”

मी इमानदारीत केलं. उरलेल्या पोत्यांमधली माती पुन्हा तपासली, त्या दिवसांतल्या पावसाचा अंदाज गावच्या म्हाताऱ्यांना विचारून घेतला आणि मला मधला वाटला तो आकडा धरला. पहिल्यांदा मातीच्या थरासकट. भिंत फुगली आणि गणित थांबलं. मग थर काढून. मी श्वास रोखून बसलो. भिंत फुगली, लाल झाली, पण गणित चाललं. कितीतरी पुढं चाललं. हादरे ओसरायला आले आणि अगदी शेवटाशी येऊन थांबलं. पडद्यावर तीच ओळ. थोडं पुढं गेलं असतं तर भिंत उभी, असं म्हणता आलं असतं. इथं थांबलं म्हणून पडली, असंही म्हणता येत होतं. मी कॉम्प्युटरला हात जोडले, मग शिव्या घातल्या, मग परत चालवलं. तिथंच थांबलं.

अहमदपूर, चाकूर, लातूर. सगळ्या रस्त्यानं मी बसमध्ये एकच वाक्य घोकत होतो. पडलीच असती मॅडम, माती नसती तरी पडली असती. अप्पांना मिळालं तसं यांनाही समाधान मिळू दे, एवढंच माझ्या मनात होतं. खोट्याचं पाप लागत असेल तर मला लागो. मला नाहीतरी अशी कितीतरी लागलेली आहेत.

मॅडम ओळखू येत नव्हत्या. पलंग भिंतीपासून हातभर पुढं ओढलेला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची अडचण होत होती, पण मावसबहिणीनं भांडून तो तसा ठेवून घेतला होता.

“आलात. काय म्हणती भिंत?”

“मॅडम, ती पडलीच...”

“थांबा.” त्यांनी हात वर केला, तेवढ्यानंही त्यांना दम लागला. “तुमचा चेहरा बघा आरशात. लहानपणी मी खोटं बोलताना कानाची पाळी धरत होते. अव्वा हसायची, अप्पाबी हसायचे. त्या दिवशी त्यांच्यासमोर मी पाळी धरली होती.”

“मी बघितलं होतं,” मी म्हटलं. “मला वाटलं, खाज आली असंल.”

“त्यांनीबी बघितलं होतं. इथं पडल्यापडल्या ध्यानात आलं माझ्या. त्यांना ठाऊक होतं मी खोटं बोलून राहिले. तरी हात ठेवला डोक्यावर.” त्या थांबल्या. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडं ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. “मग एवढी वर्सं मी गणित कशाला करून राहिले होते, मुरुडकर?”

मी पलंगाची लोखंडी कड धरून उभा राहिलो.

“आता खरं सांगा. भिंत पडली का गणित पडलं?”

“मला माहीत नाही, मॅडम.”

“हां,” त्या म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी नीट उत्तर दिल्यासारखी त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, “पलंग भिंतीला लावा.”

मावसबहीण माझ्याकडं बघायला लागली. मी तिला खुणेनं हो म्हटलं. दोघांनी मिळून पलंग ढकलला, पाय फरशीवर करकरले. मॅडमना उठून बसायचं होतं. आम्ही काखेत हात घालून बसवलं. त्यांनी आधी पाठ टेकवली, मग हळूच डोकं मागं नेऊन भिंतीला लावलं आणि डोळे मिटले. मी सवयीनं हात पुढं केला आणि बोटांच्या पेरांनी भिंतीला दोनदा ठोकलं.

डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, “नका विचारू तिला. असू द्या.”